कॅन्डिडेटला नकार कसा कळवायचा: कोल्हापूरच्या एचआर आणि रिक्रूटर मंडळींसाठी पहिल्यापासून शेवटपर्यंतची पद्धत

शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल-हातकणंगले, कुठल्याही एमआयडीसीत जावा, इंटरव्ह्यू संपला की कॅन्डिडेटला एकच वाक्य ऐकायला मिळतंय, "कळवतो तुम्हाला." आणि मग कोणच काय कळवत नाही. पोरगं आठवडाभर फोन सायलेंटवर जाऊ देत नाही, दुसरीकडची ऑफर लटकवून ठेवतंय, शेवटी स्वतःच फोन करतंय आणि तिकडून "साहेब मीटिंगमध्ये आहेत."

असं करणारी माणसं वाईट असतात असं नाही, तोंडावर नाही म्हणायला जीवावर येतंय आणि कुणी, कधी, कसं सांगायचं हे आधी ठरलेलंच नसतंय. म्हणून ही सगळी पद्धत क्रमाने लिहितोय. छोट्या फाउंड्रीत एचआर, ॲडमिन, टाइम ऑफिस सगळं एकाच्याच गळ्यात असू दे नाहीतर राजारामपुरीतल्या आयटी ऑफिसात चार जणांची टीम असू दे, क्रम हाच ठेवा. नकार नीट देणं हे निम्मं काम इंटरव्ह्यूच्या आधीच होतंय, तिथं चुकलं की नंतर कितीही गोड बोला, उपयोग नाही.

## १. जाहिरात टाकायच्या आधी: काय नसलं तर नाही म्हणायचं ते लिहा

जागा निघाली की डिपार्टमेंट हेडला घेऊन बसा आणि तीन-चार गोष्टी कागदावर घ्या, ज्या नसतील तर माणूस घ्यायचा नाही. समजा व्हीएमसी सेटर पाहिजे (कॉम्प्युटर प्रोग्रामवर चालणाऱ्या व्हीएमसी मशीनची जुळणी करणारा). मग त्या मशीनच्या फॅनुक कंट्रोलवर प्रोग्राम एडिट करता येणं, ऑफसेट स्वतः सेट करता येणं, व्हर्नियर आणि मायक्रोमीटर नीट वाचता येणं (व्हर्नियरचा लीस्ट काउंट, म्हणजे मोजता येणारं सगळ्यात लहान माप, ०.०२ मिमी आणि मायक्रोमीटरचा ०.०१ मिमी एवढं तरी न अडखळता सांगता आलं पाहिजे), आणि तिन्ही शिफ्टला तयारी. अकाउंट्सची जागा असेल तर टॅली, जीएसटीची रिटर्न्स (जीएसटीआर-१ आणि ३बी) स्वतः भरलेलं, जीएसटी पोर्टलवरच्या २बी स्टेटमेंटबरोबर खरेदीचा मेळ घालता येणं, ई-वे बिल. बाकीचं "असलं तर बरं" ह्या रकान्यात.

ह्या कागदावर हेडची सही घ्या. सही कशाला, तर नंतर "पोरगं बरं वाटलं नाही ओ" असं आलं की तुम्हाला विचारता येतं, ह्या चारातलं काय नव्हतं? बरं न वाटणं हे कारण तुम्ही कॅन्डिडेटला सांगू शकत नाही आणि जे सांगता येत नाही त्यावर रिजेक्ट करायला गेला की मग थापा माराव्या लागतात.

त्याच कागदावर खाली आणखी तीन ओळी: निर्णय कुठल्या तारखेला, कळवणार कोण, फोनवर की मेसेजवर. कन्सल्टन्सीमार्फत माणसं येणार असतील तर नकार कन्सल्टन्सी कळवणार की कंपनी, हे आत्ताच ठरवा. नाहीतर दोघंही समजतात दुसऱ्यानं सांगितलं असेल, आणि कुणीच सांगितलेलं नसतंय.

तपासा: "नाही" कळवणाऱ्या माणसाचं नाव कागदावर आहे का? "एचआर कळवेल" हे नाव नाही.

## २. बोलावताना: फोनवरच जे गळायचं ते गळू दे

आजऱ्याचं, चंदगडचं पोरगं पहाटेची एसटी धरून येतंय, स्टँडवर उतरून रिक्षावाल्याला शंभर-दीडशे देऊन एमआयडीसी गाठतंय, गेटवर तासभर बसतंय आणि दहा मिनिटांत त्याला सांगतात की "अनुभव कमी पडतोय." अनुभव बायोडाटावर लिहिला होता की. हा नकार फोनवर द्यायचा होता, आणि खरं तर बोलावण्याआधीच.

म्हणून आधी पाच मिनिटांचा फोन. त्यात लिस्टमधल्या गोष्टी विचारा आणि तुमच्या बाजूचं अडचणीचं सगळं स्वतःहून सांगा: पगार किती ते किती, हातात किती येणार (पीएफ कापून), नाईट शिफ्ट आहे का, कंपनीची बस कुठून कुठपर्यंत, बॉण्ड आहे का. पगार सांगायला लोक का कचरतात मला कळत नाही. पगार ऐकून निम्मे लोक स्वतःच नको म्हणतात, त्यांना तुम्हाला नकार द्यायची वेळच येत नाही.

कागदपत्रांचं पण इथंच. ओरिजिनल सर्टिफिकेट बघायला मागा, ठेवून घ्यायला नाही. आधार-पॅनची झेरॉक्स इंटरव्ह्यूला लागत नाही, ती जॉईनिंगला लागते. ज्याला घेतलंच नाही त्याचं आधार तुमच्या ड्रॉवरमध्ये पडून राहिलं तर ती जबाबदारी तुमची.

## ३. इंटरव्ह्यू संपताना म्हणायचं वाक्य

हे वाक्य जवळजवळ पाठच करा:

"सिलेक्शन झालं तरी आणि नाही झालं तरी, येत्या शुक्रवारी संध्याकाळी सहापर्यंत मी स्वतः तुम्हाला कळवणार. तोपर्यंत माझ्याकडून काही आलं नाही तर शनिवारी ह्या नंबरवर बिनधास्त फोन करा."

वार, वेळ, नाव, नंबर, चारही गोष्टी पाहिजेत. "दोन-चार दिवसांत" चालणार नाही.

मग दोन प्रश्न विचारा. कुठल्या वेळेला बोलता येईल, आणि दिलेला नंबर स्वतःचा आहे का. बायोडाटावर वडिलांचा नाहीतर भावाचा नंबर असणं आपल्याकडे लई कॉमन आहे. आणि जो आत्ता दुसऱ्या कंपनीत कामाला आहे त्याला फर्स्ट शिफ्टमध्ये मशीनवर असताना तुमचा फोन गेला तर शेजारच्या ऑपरेटरपासून सुपरवायझरपर्यंत सगळ्यांना कळतंय की हा बाहेर बघतोय. नोकरी तुम्ही दिली नाही आणि असलेली पण धोक्यात घातली, असं व्हायला नको.

इथं होणाऱ्या चुका: "जवळजवळ फायनलच समजा" म्हणणं. प्लांट फिरवून आणताना "हे तुमचं मशीन" म्हणणं. कधी जॉईन होऊ शकता हे विचारायला हरकत नाही पण "हे सगळ्यांनाच विचारतो" एवढं जोडा, नाहीतर माणूस घरी जाऊन पेढ्याचं बघतंय.

ट्रेड टेस्टमध्ये सरळ नापास झालेल्याला मात्र शुक्रवारपर्यंत थांबवू नका. ड्रॉइंग वाचता आलं नाही, जॉब टॉलरन्समध्ये बसला नाही, हे त्याला पण दिसलेलं असतंय. बाजूला घेऊन, बाकीचे ऐकणार नाहीत अशा जागी, त्याच दिवशी सांगून मोकळं करा.

## ४. त्याच दिवशी नोंद आणि तीन गठ्ठे

संध्याकाळी ऑफिस सोडायच्या आत प्रत्येकापुढे लिस्टमधल्या गोष्टींवर हो-नाही आणि एक ओळ कारण. दोन दिवसांनी सगळे चेहरे एक होतात आणि मग हुपरीच्या माणसाचं कारण जयसिंगपूरच्याला सांगितलं जातंय.

मग तीन गठ्ठे: घ्यायचे, नाही घ्यायचे, आणि थांबवायचे. थांबवायच्या गठ्ठ्यात एका जागेला एक, फार तर दोन माणसं. सगळ्यांनाच तिथं टाकणं म्हणजे निर्णय घेतलेलाच नाही.

सावधान: बायोडाटावर पेनानं शेरे मारू नका. "गावठी", "घमेंडी", "लग्न ठरलंय". हे कागद टेबलावरून टेबलावर फिरतात आणि कधी कधी त्याच माणसाच्या ओळखीच्या हातात जातात. कोल्हापूर केवढंसं आहे.

## ५. कुणाला आधी कळवायचं

सगळ्यात जास्त घोळ इथं होतोय. सर्रास काय करतात, तर सिलेक्ट झालेला जॉईन होईपर्यंत कुणालाच काय सांगत नाहीत, कारण "उद्या तो आला नाही तर?" आता नोटीस पिरियड एक महिन्यापासून तीन महिन्यांपर्यंत असतोय, तेवढे दिवस दहा माणसं टांगून ठेवायची काय?

माझा क्रम असा:

पहिल्यांदा "नाही"चा गठ्ठा. ह्यांचा आणि सिलेक्ट झालेल्याच्या जॉईनिंगचा काही संबंध नाही, तो आला नाही तरी तुम्ही ह्यांना बोलावणार नाही. म्हणून निर्णय झाल्यावर दोन कामाच्या दिवसांत कळवून टाका.

मग सिलेक्ट झालेला. ऑफर द्या, लेखी होकार घ्या, त्याला पण तारीख द्या.

मग थांबवलेला. त्याला खरं सांगायचं. असं:

"तुमचा इंटरव्ह्यू चांगला झाला. ह्या जागेसाठी आम्ही आधी दुसऱ्या एका उमेदवाराला ऑफर दिली आहे. ते २० तारखेपर्यंत नक्की सांगतील. ते आले नाहीत तर पुढचा फोन तुम्हाला. पण तुम्ही आमच्यासाठी थांबू नका, दुसरीकडे जमत असेल तर घ्या, फक्त मला एक मेसेज टाका."

लोक म्हणतात असं सांगितलं तर माणूस हातचा जाईल. जाईल की, पण न सांगता पण जातंय, आणि जाताना कंपनीला शिव्या घालून जातंय. २० तारखेला काय झालं ते मात्र त्याला त्याच दिवशी कळलंच पाहिजे.

ज्यांना बोलावलंच नाही, नुसता बायोडाटा आला होता, त्यांना आठवड्याभरात एक छोटा मेसेज पुरे. जाहिरातीला शेकड्यानं बायोडाटा येत असतील तर जाहिरातीतच लिहून टाका की अमुक तारखेपर्यंत फोन आला नाही तर ह्या वेळी निवड नाही असं समजावं. हे फक्त न बोलावलेल्यांसाठी. जो माणूस तुमच्या ऑफिसात येऊन बसला त्याला हे लागू नाही.

तपासा: सांगितलेली तारीख आली आणि निर्णय झालाच नाही, साहेब बाहेरगावी गेलेत? तरी त्या दिवशी कळवायचं. "अजून झालं नाही, बुधवारी सांगतो" हा पण निरोपच आहे.

## ६. फोन: कुणाला आणि कसा

जो समोर बसून गेला, खास करून शेवटच्या राउंडपर्यंत आला, त्याला फोन. फक्त पहिला राउंड असेल तर मेसेज चालतो. फोन तोच करणार ज्यानं "मी कळवणार" म्हटलं होतं, ट्रेनीला नाहीतर रिसेप्शनच्या मुलीला करायला लावू नका, समोरच्यानं एक प्रश्न विचारला की ती बिचारी अडकते.

वेळ संध्याकाळी पाच ते सातची बरी, फर्स्ट शिफ्ट आणि जनरल दोन्ही सुटलेल्या असतात. सेकंड शिफ्टवाल्याला सकाळी अकराच्या सुमारास. रात्री नवानंतर नाही, आणि लक्ष्मीपूजनाच्या नाहीतर गणपती येणार त्या दिवशी पण नाही, एक दिवस अलीकडे-पलीकडे करा.

फोन दुसऱ्या कुणी उचलला तर फक्त नाव आणि "परत करतो." निकाल आईला नाही, भावाला नाही, रूममेटला तर नाहीच.

बोलायचा क्रम:

"नमस्कार, मी अमुक कंपनीतून बोलतोय, मंगळवारी आपण भेटलो होतो. दोन मिनिटं बोलता येईल का आत्ता?"

"क्वालिटी इन्स्पेक्टरच्या जागेसाठी तुमची निवड झालेली नाही, ते सांगायला फोन केला."

दुसऱ्याच वाक्यात निकाल आला पाहिजे. आधी "तुम्ही खूप छान बोलला, सगळ्यांना आवडला" असं पाच मिनिटं केलं की तेवढा वेळ माणूस मनात जॉईनिंगची तारीख धरतोय आणि मग खाली आपटतोय.

मग कारण, एकच: "आम्हाला पीपॅपची कागदपत्रं स्वतः तयार केलेला माणूस पाहिजे होता, तुमचं काम आतापर्यंत इनकमिंग इन्स्पेक्शनचं झालंय." (पीपॅप म्हणजे नवीन पार्ट कस्टमरकडून मंजूर करून घ्यायची कागदपत्रं, इनकमिंग इन्स्पेक्शन म्हणजे बाहेरून आलेल्या मालाची तपासणी.)

मग गप्प बसा. हेच जमत नाही लोकांना. शांतता झाली की आपण भरायला जातो, "पण काळजी करू नका, बघू पुढं, काहीतरी करू" आणि नकाराचं परत आश्वासन होऊन बसतंय. त्याला बोलू द्या. काही विचारलं तर उत्तर द्या, नाही विचारलं तर "तुम्ही वेळ काढून आला, त्याबद्दल आभार" म्हणून ठेवा.

सगळ्यांना "तुम्ही". समोर आयटीआय करून आलेलं एकोणीस वर्षांचं पोरगं असलं तरी "अरे बाळा, बघ कसं असतंय" नको. गावाकडं प्रेमानं बोलतात तसं वाटतंय आपल्याला, त्याला ते तसं वाटत नाही. बिहार-ओडिशाकडचे कामगार फाउंड्रीत भरपूर येतात, त्यांना हिंदीत सांगा.

## ७. मेसेज

लेखी मेसेज छोटा, नावानं, कंपनीच्या नंबरवरून. नमुना:

"नमस्कार सचिनजी, पर्चेस असिस्टंट ह्या जागेसाठी तुम्ही १२ तारखेला इंटरव्ह्यूला आला होता. ह्या जागेसाठी तुमची निवड झालेली नाही. आम्हाला कास्टिंग खरेदीचा थेट अनुभव असलेली व्यक्ती हवी होती. वेळ दिल्याबद्दल धन्यवाद. काही विचारायचं असेल तर ह्या नंबरवर कामाच्या वेळेत फोन करू शकता. — (तुमचं नाव, कंपनी)"

बायोडाटावरूनच नाही म्हणायचं असेल तर कारणाची ओळ गाळा, बाकी तेच.

ह्या चुका हमखास होतात:
- सगळ्यांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप काढून त्यात लिस्ट टाकणं. ज्याचं नाव नाही त्याला कळलं, आणि बाकीच्या वीस जणांना पण कळलं. वर सगळ्यांचे नंबर सगळ्यांकडे गेले.
- ईमेलला सगळ्यांचे पत्ते एकाच रकान्यात. बीसीसी वापरा नाहीतर एकेकाला पाठवा.
- आधीच्याचा मेसेज कॉपी करून नाव बदलायचं राहणं. पाठवायच्या आधी नाव आणि जागा दोन्ही बघा.
- हात जोडलेले, फुलं, "बेस्ट ऑफ लक" चे इमोजी. नकोत.
- "आपला बायोडाटा भविष्यासाठी जपून ठेवत आहोत." खरंच ठेवणार असाल तरच लिहा.

## ८. कारण किती सांगायचं, कुठलं सांगायचं नाही

माझं मत सरळ आहे. जो इंटरव्ह्यूला आला त्याला एक खरं, कामाशी जोडलेलं कारण कळलं पाहिजे, आणि ते त्याला सुधारता येण्यासारखं असेल तर जास्त चांगलं. "इतर उमेदवार अधिक योग्य वाटले" हे वाक्य खोटं नाही पण त्यातून कुणाला काय मिळत नाही.

"इंग्लिश कच्चं आहे" असं नको. इंग्लिश खरंच लागणार असेल तर कुठं लागणार ते सांगा: "ह्या जागेवर जर्मन कस्टमरबरोबर रोज मेल आणि आठवड्याला कॉल असतोय, ते आत्ता जमेल असं वाटलं नाही." आणि लागणारच नसेल, स्टोअरला नाहीतर डिस्पॅचला, तर मग हे कारणच धरू नका. मराठी माध्यमात शिकलेल्या पोरांना हे ऐकून ऐकून कंटाळा आलाय.

"ओव्हरक्वालिफाइड" हे पण असंच पळवाटीचं. त्याच्या अपेक्षेएवढा पगार देता येत नाही असं असेल तर तसंच म्हणा.

वय, जात, आडनाव, धर्म, गाव, लग्न झालंय का, मूल कधी, हे कारण म्हणून सांगायचं नाही असं नाही, मुळात धरायचंच नाही. भरतीत स्त्री-पुरुष भेद करायला १९७६ च्या समान वेतन कायद्यापासून मनाई आहे, आता तीच गोष्ट २०१९ च्या वेतन संहितेत आलीय. "लांबून येणार, टिकणार नाही" हे पण तुमचं तुम्हीच ठरवू नका, येण्याजाण्याची अट असेल तर ती सांगा आणि जमेल का ते त्याला ठरवू दे.

मेडिकलचं वेगळं. फाउंड्रीत छातीचा एक्स-रे, ऐकण्याची तपासणी, इन्स्पेक्शनला रंग ओळखण्याची तपासणी करतात. तिथं कोण अडकला तर कारण फक्त त्यालाच, समोर बसून, आणि रिपोर्टची कॉपी त्याच्या हातात. कन्सल्टन्सीला, कॉन्ट्रॅक्टरला, ज्यानं पाठवलं त्याला नुसतं "निवड झाली नाही." नोकरीसाठी एचआयव्ही टेस्टची अट घालायला २०१७ च्या कायद्यानं बंदी आहे, तुमच्या मेडिकलच्या यादीत जुन्या काळापासून ती राहिली असेल तर आज काढा.

दोन-तीन कारणं एकदम सांगू नका. एक सांगितलं की माणूस ऐकतोय, तीन सांगितली की वाद घालतोय.

## ९. वशिल्यानं आलेल्या माणसाला नकार

आता कोल्हापुरातला खरा अवघड पेपर. बायोडाट्याबरोबर एक चिठ्ठी नाहीतर फोन येतोच. कोण सप्लायर असतोय, कोण नगरसेवक, कोण मालकांचे पाव्हणे, कोण आपल्याच शॉपमधला वीस वर्षं जुना मोल्डर ज्याचा भाचा आयटीआय झालाय.

इथं क्रम पाळा:

पहिल्यांदा, बायोडाटा आला त्याच दिवशी पाठवणाऱ्याला सांगा: "पाठवा की, इंटरव्ह्यू नक्की घेतो. टेस्ट सगळ्यांना तीच. निकाल मी थेट त्यांनाच कळवणार." हे आधी सांगितलं तर नंतर अर्धी भांडणं होत नाहीत.

दुसरं, मालकांना इंटरव्ह्यूच्या आधी विचारून घ्या की हा माणूस टेस्टमध्ये बसला नाही तर नाही म्हणायचं का. जर घ्यायचाच असं ठरलं असेल तर त्या जागेसाठी बाकीच्या आठ जणांना बोलावून त्यांचा दिवस घालवू नका.

तिसरं, नकार आधी कॅन्डिडेटला, नंतर पाठवणाऱ्याला, त्याच दिवशी. उलटं झालं की पोराला मामाकडून कळतंय, ते पण सगळ्या घरासमोर.

चौथं, पाठवणाऱ्याला कारण द्यायचं नाही. "ह्या वेळी जमलं नाही, त्यांच्याशी मी सविस्तर बोललोय" एवढंच. "तुमच्या भाच्याला मायक्रोमीटर वाचता येईना" हे तुम्ही सहज बोलून जाता, आणि ते लग्नाकार्यात सगळ्यांसमोर निघतंय.

फोन जोराचा असेल, "आमच्या शब्दाला काय किंमत हाय का नाही" असं आलं, तर स्वतःच्या पदरात घेऊ नका. "टेस्टचा कागद आहे, साहेबांशी बोला" म्हणा. कागद असला पाहिजे हे मात्र खरं, म्हणून वर भाग ४ मध्ये सांगितलेली त्याच दिवशीची नोंद.

## १०. आपल्याच कंपनीतला माणूस

ऑपरेटरनं सुपरवायझरच्या जागेसाठी अर्ज केला, कॉन्ट्रॅक्टवरच्यानं पर्मनंटसाठी केला, आणि झालं नाही. हा माणूस उद्या सकाळी परत गेटवर पंच करणार आहे. इथं मेसेज नाही, फोन पण नाही. बसवून, चहा देऊन, त्याच्या सुपरवायझरसमोर नाही तर एकट्याला सांगा. नोटीस बोर्डावर नवीन माणसाचं नाव लागायच्या आधी, आणि कॅन्टीनमध्ये कुजबुज व्हायच्या तर खूप आधी. शिफ्ट संपताना सांगितलं तर बरं, सकाळी सांगून लगेच फर्नेसपाशी पाठवू नका.

त्याला बाहेरच्या उमेदवारापेक्षा जास्त सांगावं लागतंय. काय कमी पडलं, ते कंपनीत कुठं शिकता येईल, परत अर्ज कधी करता येईल. ह्यातलं जे नक्की होणार आहे तेवढंच बोला. "पुढच्या वेळी तुमचाच नंबर" हे वाक्य शॉप फ्लोअरवर कोण विसरत नाही.

अप्रेंटिसचं थोडं वेगळं आहे. वर्ष संपलं की सगळ्यांना वाटतंय आता कायम होणार. १९६१ च्या अप्रेंटिस कायद्यात २०१४ ला बदल झाला, त्यानुसार प्रशिक्षण पूर्ण केलेल्यांना घेण्याबाबत प्रत्येक कंपनीनं स्वतःचं धोरण ठरवायचं असतं. ते धोरण पहिल्या दिवशीच वाचून दाखवा आणि शेवटच्या महिन्याच्या सुरुवातीला एकेकाला निकाल सांगा, शेवटच्या दिवशी सर्टिफिकेट हातात देताना नाही.

## ११. कॉलेज कॅम्पस

लांबवायचं कारण नाही. हॉलमध्ये सिलेक्ट झालेल्यांची नावं वाचून टाळ्या वाजवायला लावू नका, बाकीची पोरं तिथंच बसलेली असतात. प्लेसमेंट ऑफिसरकडे यादी द्या, मुलांना त्याच दिवशी स्वतंत्र मेसेज पाठवा. अॅप्टिट्यूडमध्ये गळलेल्यांना दुपारीच सोडा, संध्याकाळपर्यंत उगाच बसवून ठेवू नका.

## १२. नकारानंतर येणारे फोन

"पगार कमी दिला तरी चालेल." चांगल्या चांगल्यांना इथं मोह होतोय. कारण पगाराचं नव्हतं तर उत्तर बदलू नका: "पगाराचा प्रश्न नाहीये, कामाचा अनुभव जुळत नाही." कमी पगारात घेतलेला माणूस चार महिन्यांत सोडतोय ते वेगळंच.

"आमच्या पोरग्याचं काय झालं ओ साहेब?" वडिलांचा फोन आला तर आवाज चढवू नका, त्यांना पोराची काळजी असते. "काका, निकाल त्यांना कळवलाय, त्यांच्याकडूनच घ्या" एवढं बोला, मुलानं घरी काय सांगितलंय तुम्हाला माहीत नाही.

राग आला, शिव्या दिल्या, तर एकदा "तुम्हाला वाईट वाटलं ते समजतंय, निर्णय बदलणार नाही" म्हणून फोन ठेवा. गुगलवर वाईट रिव्ह्यू टाकला तर तिथं त्याच्या इंटरव्ह्यूचे मार्क काढत बसू नका.

रडायला लागलं तर थांबा. घाईनं दुसऱ्या नोकरीचं आश्वासन देऊ नका. खरंच एखादी जागा माहीत असेल, उद्यमनगरात कुणाला माणूस पाहिजे असेल, तर त्याला विचारून मग नंबर द्या, न विचारता बायोडाटा इकडं-तिकडं फॉरवर्ड करू नका.

## १३. कागद आणि यादी

ज्यांना नाही म्हटलं त्यांचे बायोडाटे, झेरॉक्स, फोटो श्रेडरमध्ये नाहीतर हातानं फाडून. रद्दीत नाही. रद्दीतला कागद भेळेच्या पुड्यात निघतोय, त्यावर कुणाचा तरी मोबाईल नंबर आणि जन्मतारीख असतेय. मोबाईलवर आलेले पीडीएफ पण काढा, एचआरच्या पर्सनल फोनमधले सुद्धा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचा रोख हाच आहे, ज्या कामासाठी माहिती घेतली ते संपलं की ती बाळगायची नाही. निर्णयाची नोंद, म्हणजे लिस्ट आणि एका ओळीचं कारण, तेवढी फाईलला ठेवा.

ज्यांना पुढं बोलवावं असं खरंच वाटलं त्यांना विचारून त्यांची वेगळी यादी करा: नाव, नंबर, कुठली जागा, का राहिलं, कधीपर्यंत ठेवायचं. जागा परत निघाली की जाहिरातीच्या आधी ही यादी उघडा. आणि फोन कराल तेव्हा पहिल्याच वाक्यात सांगा की परत इंटरव्ह्यू आहे की थेट ऑफर, कारण मागच्या वेळी नाही ऐकलेला माणूस तुमचा नंबर बघून आधी तेच विचारणार आहे.